अंगणातली दुसरी चूल

ढाणकीच्या त्या गल्लीत कोणी वही-पेन घेऊन शिरलं की सुग्राबीला ती तपासणीच वाटायची. निराधारचा सरकारी पगार तिला मिळायचा तो पोरगा सांभाळत नाही म्हणून, आणि पोरगा तर त्याच घरात! गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांसारखी तिनेही पोरापासून वेगळी राहते असं दाखवायला अंगणात वेगळी चूल मांडली होती. ती पेटायची फक्त तपासणीला. त्यात कसलं आलंय पाप? कापसाचा भाव पडला, जिनिंग बंद पडल्या आणि तिथल्या मशिनी दुरुस्त करणारा तिचा नौशाद घरी बसला. घर त्या पगारावरच चाललं होतं.

आज दारात यवतमाळच्या कॉलेजातले इंद्रजित सर आले. "मी अर्थशास्त्र शिकवतो. सरकारी पेन्शननं म्हाताऱ्यांची घरं कशी बदलत गेली, त्याचा इतिहास लिहितोय," एवढं नीट सांगितलं बिचाऱ्यानं. सुग्राबीच्या कानात 'सरकारी' तेवढं शिरलं. तिनं घाईघाईनं चूल पेटवली, बिलगायला आलेल्या नातीला, माहनूरला, आत पिटाळलं.

"मुलगा पाहतो का तुम्हाला?"

"कायचा पाह्यते! मेली का जिती, इचारत नाही." जीभ एकदा सुटली ती थांबेचना. "बाप गेला तवाच पोरगाही मेला मले!"

सरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "आजी, मी तपासणीवाला नाही. अशा चुली गावोगाव पाहिल्यात. माझा अभ्यासच तो आहे. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

सुग्राबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग ते खोडा, साहेब. सोन्यासारखं पोरगं हाय माह्यं."

सरांनी तिच्यासमोर ओळी खोडल्या. तेवढ्यात पडद्यामागून नौशाद चहा घेऊन आला. कप सरांच्या हाती दिला, आईकडे पाहिलं नाही.

सर गेले. सुग्राबीनं चुलीवर पाणी ओतलं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आतबाहेर करत राहिली. रोज संध्याकाळी "अम्मी, चला" अशी हाक यायची आणि सगळे एकाच दस्तरखानावर जेवायला बसायचे. आज हाक आली नाही. नौशादच झाकलेलं ताट घेऊन आला आणि विझलेल्या चुलीपाशी ठेवलं.

"बेटा, ते पगारासाठी बोलली मी..."

"मले समजते, अम्मी. पण ऐकू आलं ते आलं."

तो आत गेला. दस्तरखान पसरला होता. माहनूर विचारत होती, "दादी काहून नाही आली?"