राखाडीचा रंग

धाकटी अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. सात वर्षांनी मोठा असलेला दादा फोटोग्राफर आणि ती त्याचे फोटो कागदावर उतरवणारी. एकतीस वर्षं हाच उद्योग. दादा निगेटिव्ह आणून द्यायचा, "बघ गं जरा," म्हणायचा आणि बाहेर पेपर वाचत बसायचा. मग न्हाणीघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत ती तासन्‌तास उभी.

गेल्या वर्षी तिच्या हातांची सालं निघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि सांगितलं, "रसायनांचं काम आता बंद. हातमोजे घालूनसुद्धा नाही." धाकटीला वाईट वाटायला हवं होतं. खरं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते, सुटले बाई.

पण सुटणं एवढं सोपं नव्हतं. दादानं तरुणपणी नदीवरच्या पुलाच्या कामगारांचे फोटो काढले होते. पुलाला चाळीस वर्षं होत होती आणि वाचनालयाला त्यातले तीस फोटो दालनात लावायचे होते. डार्करूम नाही म्हणजे इंकजेट प्रिंटर घेणं आलं. कोणता घ्यायचा, इथूनच डोक्याला ताप सुरू झाला.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं एकच फोटो, दोरखंड खांद्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या कामगाराचा, तीन प्रिंटरवर काढून दिला. पहिल्या प्रिंटरमध्ये काळी शाई एकच. राखाडी छटा तो रंगीत शाया मिसळून करायचा. दुसऱ्यात काळीच्या जोडीला दोन राखाडी शाया होत्या, रंग नावापुरते वापरायचा. तिसऱ्यात रंगाचं नावच नव्हतं, सगळ्या नळ्यांत काळ्यापासून फिकटापर्यंत नुसती राखाडी शाई.

"तिसऱ्याला तोड नाही," दुकानदार म्हणाला. "पण चार दिवस बसून राहिला की शाई वाळते, तोंडं तुंबतात. मग साफ करत बसायचं."

धाकटीनं तिन्ही कागद आधी ट्यूबलाइटखाली धरले, मग दाराशी नेऊन उजेडात. पहिला घरात बरा होता, पण बाहेर येताच म्हाताऱ्याच्या गालावर हिरवट झाक आली. तो बाद. राहिले दोन.

ती ते दोन्ही घेऊन दादाकडे गेली. दादानं दुसरा कागद डोळ्यांजवळ नेला. "हा पिवळा आहे."

"पिवळा? कुठे?"

"सगळाच. आणि हा तिसरा निळा."

तिनं दुकानदाराला सांगून छटा बदलून घेतल्या. दोन बस बदलून पुन्हा दादाकडे. या वेळी दुसरा निळा होता आणि तिसरा पिवळा. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन्ही पिवळे. चौथ्या खेपेला बसमध्ये बसल्यावर तिला त्या पिशवीकडे बघवेना. वाटलं, द्यावी इथेच सोडून आणि उतरावं.

तिनं एक केलं. दुसऱ्या प्रिंटरवरच्या एकाच कागदाचे कात्रीनं दोन तुकडे केले आणि दादापुढे ठेवले. "हे दोन वेगळे आहेत. सांग."

दादानं पहिला तुकडा उचलला. सवयीनं एक डोळा मिटला, जसा कॅमेऱ्यात बघताना मिटायचा. "पिवळा." दुसरा तुकडा घेताना डोळा चोळला, मग दुसराच मिटला. "हा बघ, हा निळा."

धाकटीनं दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून धरले. आपण भावाला फसवलं याची तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. तिनं पदराला हात पुसले आणि मान खाली घातली.

"दादा," धाकटी हळूच म्हणाली, "दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत. मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसतं म्हणतात. ते ऑपरेशन तू दोन्ही डोळ्यांचं करून घेतलंस ना?"

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. उत्तर वहिनीनंच दिलं. "डाव्याचं झालंय. उजव्याची तारीख त्यांनी तीनदा रद्द केली. तुला सांगू नकोस म्हणाले होते."

"का रे?"

 मग दादा म्हणाला, "डाव्याची पट्टी सोडली त्या दिवशी भिंतीवरचे आपले फोटो बघितले. सगळे थंडगार. त्यात मी ऊब बघत आलो होतो गं, इतकी वर्षं. म्हटलं, म्हणजे ती फोटोत नव्हतीच, माझ्या डोळ्यावरच्या पडद्यात होती. उजव्यानं अजून पहिल्यासारखे दिसतात. तो पण गेला तर काय राहिलं?"

धाकटी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिचे पाय दुखत होते. "दादा, छटा कोण ठरवायचं?"

"म्हणजे?"

"तू बाहेर पेपर वाचायचास. कागद किती वेळ रसायनात, कुठला कोपरा गडद करायचा, किती उबदार ठेवायचा, ते मी बघायचे. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. फोटोत होती ऊब. मी घातली होती."

दादानं तिच्याकडे पाहिलं. आधी एका डोळ्यानं, मग दोन्ही उघडून. "हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. रागवायला अंगात त्राण लागतं.

वहिनीनं तिघांसाठी चहा ठेवला.  कप खाली ठेवताना दादा म्हणाला, "मग कुठला घ्यायचा ते तूच सांग. मी नाही बघत."

"दुसरा."

"तिसरा चांगला म्हणत होता ना तो दुकानदार?"

"चांगला आहे. पण दर चार दिवसांनी त्याची तोंडं साफ करणं आता माझ्यानं होणार नाही. दुसरा घेतला तर दालनात कुणाला फरक दिसायचा नाही. मला दिसेल, आणि ते मला चालेल."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं फोटोच्या बाबतीत थोडं कमी पत्करलं होतं. त्याचं वाईट वाटेल म्हणून ती थांबून बघत होती, पण तसं काही वाटलं नाही.

प्रिंटर तिच्याच घरी आला. पंधरा दिवसांत तिनं तीस फोटो काढले, रोज दोन, बसून. डार्करूममध्ये कधी बसायला मिळालं नव्हतं. दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मधल्या सोमवारी झालं. पट्टी सुटल्यावर तो आणि वहिनी तिच्याकडे आले. टेबलावर पसरलेल्या फोटोंवरून त्यानं सावकाश नजर फिरवली. एका फोटोपाशी थांबला.

"हा मला थंड वाटतो," तो म्हणाला. मग जरा अडखळून, "तुला कसा वाटतो?"

धाकटीनं फोटो उचलून खिडकीशी नेला. "किंचित थंड आहे," ती म्हणाली. "उद्या परत काढते."