गिरडचं धुकं

जंगलात पाय ठेवला की माणसाच्या मनात कुणाविषयी वैर उरत नाही, असं चित्रकलेचे शिक्षक कैलास ठमेकर शाळेच्या निसर्ग मंडळात वीस वर्षं सांगत आले होते. बोरगाव मेघेच्या चौकात धनंजय गाडीत बसला, दार लागलं, तसं त्यांनी एसीचं बटण फिरवून चारवर आणलं.

"काच वर घे."

"सर, बाहेर तं मस्त गार हाय. एसी काऊन?"

"लेन्ससाठी. पावसाळ्यात लेन्सले बुरशी धरते. एसीची हवा कोरडी असते. बॅग उघडी ठेव, चांगली हवा लागू दे."

धनंजयचं सिंदीला कृषी केंद्र होतं. कीटकनाशक सोडून इतर बाबतीत तो जाणत्या माणसाचं ऐके. त्यानं हातभर लांबीची लेन्स मांडीवर घेतली आणि तिचं तोंड एसीच्या जाळीसमोर धरलं. सरांचा स्वतःचा कॅमेरा डिकीत होता. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर जुन्या सतरंजीत गुंडाळलेला. जुलै महिना असून सरांनी हाफ स्वेटर घातला होता. तयारीत कुठं कसर नव्हती.

मागच्या पावसाळ्यात गिरडच्या पुढच्या टेकडीवर नवरंग पक्षी नेमका कुठल्या नाल्यापाशी शीळ घालतो, हे शोधायला सरांना अकरा सकाळी लागल्या होत्या. बाराव्या दिवशी शाळेत पालकसभा होती. आदल्या संध्याकाळी चहा पिताना त्यांनी ती जागा विश्वासानं धनंजयला सांगितली. सर पालकांना मुलांच्या वह्या दाखवत होते, तेव्हा धनंजय नाल्यात बसला होता. वन्यजीव सप्ताहाच्या प्रदर्शनात त्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. खाली लिहिलं होतं, 'अथक, एकाकी शोधानंतर'. अथक सरांनी सोसलं. एकाकी त्यांना वर्षभर पचलं नाही.

हिंगणघाट मागे पडेपर्यंत धनंजयचे दात वाजू लागले.

"सर, मले हीव भरून राह्यलं."

"मोठ्या फोटोसाठी सोसावं लागते," सर म्हणाले आणि शिंकले.

टेकडीच्या पायथ्याशी जंगलू मडावी छत्री घेऊन उभा होता. वनविभागाच्या कामावर जाणारा हा माणूस पावसाळ्यात वाट दाखवायला येई. भुरभुर सुरू होती. धनंजयनं थंडगार लेन्स जाड बॅगेत घालून चेन ओढली आणि तिघं चढू लागले. सागाच्या पानांवरून पाणी मानेत पडत होतं, चिखलात बूट रुतत होते, आणि सरांना गाणं सुचत होतं. जंगलूनं एकदा वळून पाहिलं, तेव्हा ते थांबलं.

अर्ध्या तासानं नाला आला. तिघं पळसाच्या झुडपामागे बसले. दोन सुरांची शीळ आली. मग समोरच्या आडव्या फांदीवर तो येऊन बसला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यावर काळी पट्टी. मान मागे टाकून त्यानं पुन्हा शीळ घातली.

धनंजयनं लेन्स काढून कॅमेऱ्याला जोडली आणि डोळा लावला.

"सर! काहीच दिसून नाई राह्यलं!"

"हळू बोल. पूस."

त्यानं पुसली. काच पुन्हा पांढरी झाली. सरांनी मोठ्या मनानं आपला रुमाल पुढे केला. रुमाल ओला होता.

"धुकं तं तुमी डब्यात भरून आणलं, साहेब," गार काचेला बोट लावत जंगलू म्हणाला.

सरांनी चौतीस फोटो काढले, पिसन् पीस स्पष्ट. पक्षी उडता उडता धनंजयनं कसाबसा एकदा बोट दाबलं. उतरताना सरांनी त्याला बिस्किटाचा पुडा दिला. परतताना एसी लावायची गरज नव्हती, तरी त्यांनी लावला. सेलूकाटेपर्यंत तो चालला, मग नुसताच वारा फेकू लागला.

ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन भरलं. परीक्षक नागपूरहून आले होते. ते एका फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले. फोटोत पांढऱ्या वाफेत एक हिरवट डाग होता आणि त्याखाली लालसर काहीतरी.

"इथं पक्षी दिसत नाही," ते माईकवर म्हणाले, "इथं पाऊस दिसतो." धनंजयला पहिलं बक्षीस मिळालं. सरांच्या फोटोला उत्तेजनार्थ मिळालं. शेरा होता, 'माहितीपूर्ण'.

सर खुर्चीतून उठले. ते धुकं डोंगरावरचं नाही, काचेवरचं आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मग ते काचेवर कुठून आलं, असं कुणीतरी विचारलं असतं. उठलेच होते, म्हणून त्यांनी उभ्यानंच टाळ्या वाजवल्या. सगळं सभागृह त्यांच्यामागून उभं राहिलं.

ढाल काखेत धरून धनंजय थेट त्यांच्यापाशी आला आणि वाकून पाया पडला.

"सर, सारं तुमच्यामुळं. पुढच्या साली बी तुमच्याच गाडीनं जाऊ. एसी तेवढा चारवर ठेवजा."

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कृषी केंद्रात गिऱ्हाईक आल्यावर असतो, तसाच होता.

"ठेवू," ते म्हणाले.

एसीचा गॅस जुलैतच संपला होता.