समोरची खुर्ची

“आजोबा, ही नका घेऊ. रंग बघा, पार उडालाय!” जुन्या बोटी विकणारा म्हणाला.

“रंग काय, माझाही उडालाय,” असं म्हणत म्हातारा नावाडी गुडघे धरून त्या जेट बोटीखाली वाकला. हिला बाहेर पंखा नसतो. पोटातला पंप पाणी ओढून मागं फेकतो, म्हणून ती गुडघाभर पाण्यातूनही जाते. आणि नदी आता तेवढीच उरली होती. त्यानं तळाच्या जाळीतून हात घालून पंपाची पाती चाचपली. कुठं टवका उडालेला नव्हता. “ठरलं. हीच.”

घरी बोट आली तरी बायको एक शब्द बोलली नाही. कान गेल्यापासून तिचं बोलणंही गेलं होतं म्हणा ना. ओठ बघून तिला सगळं कळायचं, पण चार माणसं जमली की कुणाकुणाच्या ओठांकडे बघणार बिचारी? लोक एक तर कानाशी ओरडायचे, नाहीतर ती तिथं नाहीच असं धरून आपापसात बोलायचे. हळूहळू तिनं बाहेर पडणं सोडलं. एकेकाळी म्हाताऱ्याच्या होडीत बसून बडबडून डोकं उठवणारी बाई ती! अशीच मिटत गेली तर? नदीवर नेली तर बोलेल, एवढीच त्याची आशा होती.

मग काय, तो बोटीला चिकटलाच. बायकोचा पाय उंच उचलत नव्हता, म्हणून बोटीच्या एका बाजूला दार कापलं. धरायला दांडा लावला, पायाखाली खरखरीत रबर चिकटवलं आणि शेवटी तिच्यासाठी एक ठेंगणी खुर्ची घट्ट आवळली.

मुलगी बघायला आली आणि हसतच सुटली. “अहो बाबा, आईची खुर्ची उलटी बसवलीत! तिची वाटेकडे पाठ. सगळा वेळ तुमचंच तोंड बघायचं का तिनं?”

त्यानं कपाळावर हात मारला. वल्ही मारणारा पाठमोरा पुढं जातो. वाट दिसते ती समोर बसणाऱ्याला. सगळा जन्म बायको तशी समोर बसायची आणि ओरडायची, “अहो, डावीकडे दगड!” त्याच सवयीनं हातांनी खुर्ची समोरासमोर बसवली होती. या बोटीत चालवणाऱ्याचं तोंड पुढं असतं, हे साफ विसरला. ओशाळून त्यानं पाना उचलला.

तेवढ्यात बायको कापलेल्या दारातून आत आली, खुर्चीत बसली आणि पान्यावर हात ठेवला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “इतकी वर्षं पुढचं मी सांगत होते. आता तुम्ही सांगा.”

म्हाताऱ्यानं पाना खाली ठेवला.

सकाळी बोट सुटली. इंजिनानं असा धुमाकूळ घातला की मागं बसलेल्या मुलीला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. आता तिघंही सारखेच बहिरे. म्हाताऱ्यानं नुसते ओठ हलवले, “बगळे.”

“किती?” बायकोचे ओठ हलले. त्याला कळलं. त्यानं दोन बोटं दाखवली.

बोट पुढं गेली, काठ मागं सरकला. तिनं टक लावून पाहिलं आणि हातवारे करत त्याला झापलं, “तीन आहेत हो! नीट बघत जा की!”