एकदाच बसवायचा सांधा

अंजूचं पत्र येऊन सात महिने झाले होते. "दादा, आईचा डोंबिवलीचा फ्लॅट मी विकला म्हणून रागावलास का? तसं असेल तर लिही, पण गप्प राहू नकोस," असं त्या धाकट्या बहिणीनं विनवलं होतं. यशवंतराव मुळीच रागावले नव्हते. पण उत्तराचे अकरा खर्डे झाले, आणि एकही त्यांना पाठवण्याजोगा वाटेना.

दर मंगळवारी ते परदेशातल्या आपल्या उपनगरात, क्रेगीबर्नला, सुतारकामाच्या वर्गात डव्हटेल सांधा शिकत. एका फळीला पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात कापायचे आणि ते दुसरीच्या खाचांत बसवायचे. यशवंतराव दात बसवत, बारीकशी फट बघून उपसत, पटाशीनं तासत आणि पुन्हा बसवत.

"बस कर, मेट!" शिकवणारा म्हातारा कॉलिन ओरडला. "दर खेपेला सांधा झिजतो. आता तर तो नाचायला लागलाय! नव्या फळ्या घे. एकदाच बसव आणि हात मागे घे."

"फट राहिली तर?"

"राहू दे की. ओढून बघ."

नव्या सांध्यातही फट राहिलीच. यशवंतरावांनी सगळा जोर लावून ओढलं, तरी फळ्या हलल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, "अंजू, मी रागावलो नाही. सगळं तूच निस्तरलंस. मला नीट लिहिता येईना, म्हणून गप्प होतो." मध्येच एक खाडाखोड झाली होती. ती तशीच ठेवून, पुन्हा न वाचता त्यांनी पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं.