टाकी रिकामी आहे म्हणे

भंगारवाल्याने अट एकच घातली होती. गाडी नेतो, पण टाकी काढून ठेवा. मागे एकदा कुणाच्या तरी गाडीच्या टाकीत तळाला राहिलेलं पेट्रोल त्याच्या आवारात पेटलं होतं, त्यात त्याच्या भुवया गेल्या, आणि बरेच दिवस तो कायम दचकल्यासारखा दिसत होता. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

"त्यात काय! टाकी कोरडी ठणठणीत आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "चार बोल्ट सोडवले की आली हातात. घरीच काढतो."

आतल्या खोलीत मावशींचं शिलाई मशीन थांबलं.

मावशी म्हणजे त्यांची बायको. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवून शिवून त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या होत्या. नवरा बसवर ड्रायव्हर, म्हणून तो ड्रायव्हरसाहेब. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी ती पदवी काही सुटली नाही. तर टाकी कोरडी नव्हती. हे अख्ख्या जगात एकट्या मावशींना ठाऊक होतं, कारण भरली होती त्यांनीच.

आता तुम्ही म्हणाल, भंगारात जायच्या गाडीत पेट्रोल भरणारी ही कोण शहाणी? जरा दमानं घ्या. सांगते.

ड्रायव्हरसाहेबांनी उभा जन्म जगाला फिरवलं आणि बायको घरी बसली. तिला कुठे जायचं झालं तर ती त्यांच्याच बसने जायची. ड्रायव्हरच्या मागची सीट, मध्ये जाळी, जाळीवर पाटी: चालकाशी बोलू नये. माणूस नियमाचा असा पक्का, की बायको बसलीय म्हणून एकदा मागे वळून बघेल तर शपथ. मान, दोन कान आणि कॉलर, एवढंच काय ते नवऱ्याचं दर्शन. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी डेपोतल्या एका कारकुनाकडून ही जुनी गाडी घेतली, दारात आणून उभी केली आणि म्हणाले, "आता निवृत्त झालो की मी इथे, तू शेजारी, आणि समोर रस्ता. बास."

त्या एका वाक्यावर मावशींनी ते वर्ष काढलं. पुढच्या दोन्ही सीटना निळ्या कापडाची कव्हरं शिवली. स्वतःच्या सीटच्या कव्हराला चष्मा ठेवायला एक खिसासुद्धा लावला.

मग आला निरोपाचा दिवस. डेपोत खुर्च्या मांडलेल्या, बायकापोरं आलेली. कुणीतरी खोचकपणे विचारलं, "काय साहेब, आता घरच्या गाडीवर ड्युटी का?" सगळे हसले. आणि आमचे साहेब, चार लोक बघतायत म्हटल्यावर चढले खुर्चीवर. म्हणाले, "आता स्टिअरिंगला हात लावला तर नाव बदलून ठेवीन!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. मावशींनीही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारच्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.

घरी आल्यावर वाटलं, बोलण्याच्या भरात बोलले असतील. पण आठवडे गेले, महिने गेले, गाडी अंगणात तशीच. शेवटी एका सकाळी मावशी सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "आज ऊन काय छान पडलंय!" साहेब उठले, गाडीत बसले, किल्ली फिरवली, काट्याकडे बघितलं आणि उतरले. "टाकी रिकामी आहे. राहू दे."

बुडत्याला काडीचा आधार. मावशींनी त्यातून एवढंच ऐकलं, की अडलंय ते फक्त पेट्रोलवाचून. दुसऱ्या दिवशी साहेब दुपारचे लवंडले, तशा त्या कॅन घेऊन पंपावर गेल्या, आणून टाकीत ओतला, हळूच किल्ली फिरवून पाहिली. काटा शून्यावर. एवढ्याशा पेट्रोलने काय होणार, असं म्हणून पुढच्या महिन्यात आणखी एक कॅन. काटा शून्यावर. ब्लाउज शिवावेत आणि पेट्रोल आणावं, हाच उद्योग होऊन बसला. मग एके दुपारी ओतता ओतता पेट्रोल टाकीच्या तोंडातून उलटं बाहेर आलं आणि चपलेवर सांडलं, तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. टाकी काठोकाठ भरली होती. मेला होता तो काटा.

मग सांगून टाकायचं की नाही? तिथेच तर घोडं पेंड खातं. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, की मला तुमच्या शेजारी बसून जायचंय हो, त्यासाठी जीव तुटतो माझा. आणि मागून मिळालेली फेरी ती काय फेरी? त्यांनी आपणहून म्हणावं, चल. एवढंच हवं होतं. ते म्हणाले नाहीत, आणि ह्या वाट बघत राहिल्या. अंगणात टाकी भरलेली आणि घरात ही बाई वाट बघतेय, अशी वर्षं गेली.

आणि आता टाकीच काढायची म्हणे!

सकाळी साहेबांनी कामाला हात घातला. हातातलं काम नेटकं, ते मात्र कुणीही मान्य करावं. आधी गाडी भिंतीपासून लांब, उघड्यावर ढकलली. बॅटरीची वायर काढली. मावशींना आतली शेगडी बंद करायला लावली. मागची चाकं जॅकवर उचलली, खाली जाड लाकडी ओंडके दिले, पुढच्या चाकांना विटा लावल्या. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच तेल मारून ठेवलेलं होतं.

"अगं, बारा नंबरचा पाना कुठाय? इथेच होता."

"मला काय विचारता? मी काय पाने शिवते?" मावशी म्हणाल्या. पाना त्यांच्या बटणांच्या डब्यात होता.

साहेबांनी शेजाऱ्याकडून दुसरा आणला. मावशींनी चहाचं विचारलं, डोळ्यांत टाकायचे थेंब आठवून दिले, आभाळ आलंय असंही सांगून पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. साहेब चटई अंथरून गाडीखाली सरकले आणि त्यांचे नुसते पाय बाहेर राहिले.

"घमेलं दे गं. तळाला वाटीभर असेल नसेल, ते काढून घेतो."

मावशींनी घमेलं दिलं. टाकीच्या बुडाला पेट्रोल काढायचा एक बोल्ट असतो, तो साहेबांनी फिरवला, आणि धार लागली. जुन्या पेट्रोलचा आंबूस, उग्र वास अंगणभर पसरला. धार काही थांबेना.

"अरेच्चा! अगं बादली आण, बादली!"

बादली भरली. त्यांनी बोल्ट कसाबसा परत बसवला, बादली बाहेर सरकवली. "अगं, हे संपतच नाहीये! काहीतरी आण, झाकणाचं काहीतरी!"

मावशी आत गेल्या आणि मशीनमागचे कॅन दोन्ही हातांत घेऊन आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आणले. साहेबांनी पडल्या पडल्या एक कॅन भरला, दुसरा भरला, तिसरा हातात घेतला आणि थांबले. झाकण उघडून नाकाशी नेलं. मग गाडीखालून सरपटत बाहेर आले. चष्म्यावर गंजाची पूड, कपाळाला काळं.

"हे कॅन पेट्रोलचे आहेत."

"असतील."

"असतील म्हणजे?"

"म्हणजे आहेत. मीच भरली टाकी."

"तू? कशाला?"

"कशाला म्हणजे?" इतक्या वर्षांचं साचलेलं मावशींच्या तोंडून बाहेर पडलं. "पेट्रोल कशाला भरतात माणसं? जायला!"

"कुठे जायला?"

"मला काय ठाऊक कुठे! कुठेही! मला तुमच्या शेजारी बसायचं होतं. जन्मभर तुमची मान बघितली मी, मान! एकदा तोंड बघायचं होतं गाडी चालवताना. तुम्ही म्हणालात टाकी रिकामी, म्हणून भरली. काटा हलेना, म्हणून भरतच गेले."

साहेब चटईवर बसूनच राहिले. हातातला पाना खाली ठेवायचंही सुचेना त्यांना.

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, हात लावला तर नाव बदलून ठेवीन?"

"ते चार लोकांत बोललो गं! माणूस चार लोकांत बोलतो काहीतरी."

"मला कसं कळावं त्यातलं चार लोकांतलं किती आणि घरातलं किती?"

साहेबांनी चष्म्यावरची गंजाची पूड पुसली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी दर रविवारी गाडी पुसत होतो, ती काय शेजाऱ्यांनी बघावी म्हणून? मला वाटायचं, तू मशीनवरून मान वर करशील आणि म्हणशील, पुसताय तर चला की. तू मान वर करायची नाहीस. म्हटलं, हिला कशाला हवंय माझं ड्रायव्हिंग, ही आपली सुखी आहे."

"सुखी कसली! मान वर केली असती तर डोळे दिसले असते तुम्हाला."

अहो, एका छपराखाली राहून दोन माणसं इतकी शहाण्यासारखी गप्प बसतात, तेव्हा त्यांच्या कानाखाली कुणी द्यायची?

साहेब एकदम उठले. "थांब. काही विकत नाही गाडी. टाकी आहे तिथे राहू दे, साफ करून घेतो. उद्याच जाऊ." आणि पुन्हा गाडीखाली गेलेसुद्धा. मावशींचं काळीज सुपाएवढं झालं. त्या चटईशेजारी जमिनीवरच बसल्या. कुठले कपडे घालायचे इथवर त्यांचं ठरून गेलं.

गाडीखालून पाना फिरल्याचा आवाज आला, मग पत्रा कुरकुरल्याचा. मग काहीच नाही.

"काय झालं?"

साहेबांचा हात बाहेर आला. त्यात टाकी बांधायची लोखंडी पट्टी होती, आणि पट्टीला धरून गाडीच्या तळाचा हातभर पत्रा. ओल्या पुठ्ठ्यासारखा सुटून आलेला.

"टाकी टांगायची कशाला? वर काही उरलंच नाहीये," ते खालूनच म्हणाले. "बीमपण गेलाय. बोट घातलं तर आरपार जातंय."

"जोडता नाही येत?"

"जोडतील गं. चार दिवस टिकेल. पण तुला शेजारी बसवून असली गाडी मी पळवायची? नाही. माझ्याच्याने नाही होणार."

हा माणूस टायर जरा गुळगुळीत दिसला तरी डेपोतून बस काढायचा नाही, हे मावशींना चांगलंच माहीत होतं. त्यांना रडू आलं, आणि या वेळी त्यांनी ते लपवलं नाही. साहेबांनी उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, जॅकवर फळी ठेवून रिकामी टाकी हळूहळू खाली उतरवली, तोंडात बोळा घालून भिंतीच्या सावलीत ठेवली, आणि येऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. दोघांच्याही हातांना पेट्रोलचा वास येत होता.

दुपारी भंगारवाला आला तो छोटा टेंपो घेऊन.

"क्रेन बिघडलीय," तो म्हणाला. "दोर बांधून सावकाश ओढत नेतो. टाकी आणि कॅन टेंपोत घेतो. पण साहेब, कुणीतरी स्टिअरिंगवर बसायला हवं. माझा माणूस आज आलेला नाही. तुम्ही बसाल का?"

साहेबांनी मागचा भाग वाकून नीट पाहिला, ब्रेक दाबून पाहिला. "माणसाच्या चालीने नेणार असशील तर बसतो."

आणि मग ते मावशींकडे वळले. चुळबुळले. नव्या नवरदेवासारखे लाजले म्हणा ना. "चल," म्हणाले. "येतेस?"

मावशी आत गेल्या त्या ठेवणीतले कपडे घालून, केस नीट करून बाहेर आल्या. भंगारवाला बघतच राहिला. "मावशी, तुम्ही कशाला? धूळ खाल उगाच."

"तुम्ही पुढे बघून चालवा," मावशी म्हणाल्या.

त्यांच्या बाजूचं दार बाहेरून उघडेना. साहेबांनी आतून आडवं होऊन ते लोटलं. मावशी बसल्या. दोर ताणला गेला, गाडीला हिसका बसला आणि अंगण मागे पडलं.

इंजिनाचा आवाज नाही. टायरांची खसखस आणि सीटच्या स्प्रिंगा, एवढंच. मावशींनी रस्त्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. चालवताना हा माणूस खालचा ओठ दातात धरतो, हे त्यांना माहीत नव्हतं. वळण आलं की पुटपुटतो, "हं, ये, ये, ये," जसं काही रस्त्यालाच समजावतोय, हेही माहीत नव्हतं. या माणसाबरोबर संसार केला, आणि हे ऐकायचं राहून गेलं होतं.

"काय बघतेस?" त्यांनी समोरून नजर न काढता विचारलं.

"तुम्हाला."

"बोल काहीतरी."

मग मावशी बोलत सुटल्या. पंपावरचा माणूस कसा दर वेळी विचारायचा की बाई गाडी कुठली, आणि त्या कशा सांगायच्या की साहेब बाहेर घेऊन गेलेत. चपलेवर सांडलेल्या पेट्रोलचा वास साहेबांना कसा आला नाही. आधी समुद्र बघायचा, मग डोंगर, असं मशीन चालवता चालवता त्या कशा ठरवायच्या. साहेब "हो?" म्हणत होते, हसत होते, आणि एकदा तर इतके हसले की त्यांनी एका हाताने डोळे पुसले. दुकानं गेली, शाळा गेली, पूल गेला.

मग पुढच्या टेंपोतून हात बाहेर आला आणि त्याने वळायची खूण केली. डावीकडे पत्र्याचं कुंपण होतं, त्यावरून मोडक्या दारांची रास डोकावत होती.

"आलंसुद्धा?" मावशी म्हणाल्या.

साहेबांनी ब्रेक दाबला. दोर ताणला, टेंपो जागच्या जागी घरघरला आणि बंद पडला.

"साहेब, ब्रेक सोडा!" भंगारवाला ओरडला. "फाटक आलं!"

साहेबांनी ऐकलं. पाय मात्र उचलला नाही.