पुस्तकात वाचली

"तुम्ही गुणगुणत का नाही?" दारातल्या बाईने विचारलं.

सिस्टर तेव्हा एका गवंड्याचा पाय धूत होती. खिळा तळव्यातून वर आला होता आणि गवंडी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसला होता. दारातली बाई सकाळच्या बसने खालच्या शहरातून आली होती. काखेत या गावावरची कादंबरी, हातात मोबाइल. पुस्तकातली सिस्टर म्हणे जखम धुताना गाणं गुणगुणते आणि ऐकता ऐकता माणूस दुखणं विसरतो. बाईला तेवढाच एक फोटो हवा होता.

"चप्पल बाहेर काढा," सिस्टर म्हणाली. "आणि तुम्हीही बाहेर थांबा."

बाईचा चेहरा पडला. गवंडी गेल्यावर सिस्टरने बाहेर पाहिलं, तर ती पायरीवर बसून मोबाइलवर भराभर काहीतरी लिहीत होती. काय ते संध्याकाळी दवाखान्यातल्या आयाबाईच्या मुलीने वाचून दाखवलं. सिस्टर उद्धट आहे. पुस्तकातल्यासारखी मुळीच नाही. एक तारा.

त्याच्याच खाली दुसऱ्या कोणीतरी लिहिलं होतं की दवाखान्यात डॉक्टर नाही, पण त्यातच तर या गावाची खरी मजा आहे. त्याने पाच तारे दिले होते. आयाबाई हसली. सिस्टर हसली नाही.

गाव दोनशे घरांचं, डोंगराच्या उतारावर एकाखाली एक बसलेलं. कादंबरीचा लेखक तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा पोस्टाच्या वरची खोली घेऊन राहिला होता. शांत माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बसायचा, रोग्यांना पाणी आणून द्यायचा. एका दुपारी रोगी नव्हते, तेव्हा त्याने सिस्टरला विचारलं की ही छोटी तुमची कोण. आणि तिने सांगून टाकलं. का सांगितलं याचा तिला पुढे फार राग आला, लेखकापेक्षा स्वतःचाच जास्त. पण पाच वर्षांत तिला ते कोणी विचारलंच नव्हतं. गावातल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि गावाबाहेरच्या कोणाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

तिने सांगितलं की ही माझ्या भाचीची मुलगी. थोरली बहीण गेल्यावर भाचीला मीच वाढवली. तिचं बाळंतपण याच खोलीत, मीच केलं. पोर सुखरूप झाली, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. डॉक्टर असता तर हात घालून वार काढली असती, अर्ध्या तासाचं काम. डॉक्टरची जागा दोन वर्षं रिकामी होती. खाली फोन केला तर दरड कोसळून रस्ता बंद. मग गावातले तीस-पस्तीस पुरुष गोळा झाले, खाटेला दोर बांधले आणि खांदे बदलत निघाले. किराणावाला पुढे धावत दगड बाजूला करत होता. मी सलाइनची बाटली उंच धरून शेजारून चालत होते. सातव्या किलोमीटरला ती गेली. चार दिवसांच्या रजेवर आलेला तिचा नवरा खाटेच्या पुढच्या दांड्याला होता. त्याला मागचं काही कळलं नाही, तो आणखी शंभर पावलं चालत राहिला. नंतर तो शहरात गेला तो गेलाच. तिकडे त्याने दुसरा संसार मांडला.

लेखकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने काहीही लिहून घेतलं नव्हतं.

कादंबरीत सगळं तसंच्या तसं आलं. खाट, दोर, किराणावाला, सलाइनची बाटलीसुद्धा. फक्त सातव्या किलोमीटरच्या पुढे, दगडी कठड्याच्या वळणावर, खालून एक म्हातारा डॉक्टर बॅग घेऊन चालत येतो. भाची वाचते. आणि गाव एकमेकांच्या गळ्यात पडतं.

मग पत्रं सुरू झाली. 'सिस्टर, डोंगरावरचा दवाखाना' एवढ्या पत्त्यावर पोस्टमन गठ्ठाच आणायचा. सुरुवातीला ती जेवताना वाचायची. एकाने लिहिलं होतं की बायकोशी तीन वर्षं अबोला होता, पुस्तक वाचून मीच आधी बोललो. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं की मरण्याआधी एकदा तुमच्या गावची हवा खायची आहे. ही पत्रं खोटी नव्हती आणि तेच तिला सहन होत नव्हतं. माणसं रडली होती, बरी झाली होती, कोणी तर आत्महत्येचा विचार सोडला होता. कशाच्या जोरावर, तर तिची भाची न मेल्याच्या. एकीने विचारलं होतं की मायलेकी आता कशा आहेत, मुलगी आईवर गेली का. ते पत्र तिने घडी घालून पाकिटात परत ठेवलं. त्या दिवसापासून पाकिटं फोडणं बंद केलं.

कादंबरीबद्दल ती कोणाशी भांडली नाही. गावात घरोघरी खोल्या भाड्याने जात होत्या, किराणावाला पुस्तकातल्या स्वतःच्या वाक्यावर सही करून पुस्तकं देत होता. लोकांच्या तोंडचा घास कशाला काढायचा, असं ती आयाबाईला म्हणायची.

पण एका दुपारी ठकू शाळेतून आली ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली. ठकू म्हणजे ती भाचीची मुलगी, आठ वर्षांची. फाटकाशी एक जोडपं भेटलं होतं म्हणाली. त्यांनी तिला पुस्तकातली पोर म्हणून ओळखलं, चॉकलेट दिलं, जवळ घेतलं. बाईने विचारलं, आई कुठे आहे तुझी, तिलाही भेटायचंय. ठकूने सांगितलं की आई मेली, मी झाले तेव्हाच. तर बाई हसली. वेडी का काय, म्हणाली, ती तर वाचली, पुस्तकात आहे ना. तिने पान काढून दाखवलं. ठकूने ते स्वतः वाचलं.

"आजी, खरं सांग," ठकू म्हणाली. "आई वाचली होती ना? मग मला टाकून कुठे गेली?"

सिस्टरने पोरीच्या खांद्यावरचं दप्तर काढलं, तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. ठकूने ऐकून घेतलं. पण रात्री झोपताना तिने विचारलं की छापलेलं खोटं कसं असेल.

दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये वाचक मेळावा होता. दोन बस भरून वाचक आले. लेखक आला, आणि अध्यक्ष म्हणून आरोग्य खात्याचे साहेब आले. डॉक्टरची जागा भरा म्हणून सिस्टरने सात अर्ज केले होते, ते सगळे याच साहेबांच्या टेबलावर गेले होते. पुस्तकातली सिस्टर म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं, हातात फुलांचा गुच्छ दिला.

साहेबांनी सांगितलं की त्यांनी कादंबरी दोनदा वाचली आणि त्यांच्या मिसेसना तर रडू आवरेना. मग म्हणाले, अशा गावाला आम्ही काय देणार, इथला माणूस हेच औषध आहे. टाळ्या पडल्या.

सिस्टरचं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी होतं. ती तेव्हाच उठली. गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि मंचावर गेली. तिचा आवाज चढला नाही. साहेब नंतर सगळ्यांना सांगत होते की बाई किंचाळल्या, ते खोटं आहे. दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं तिने सांगितलं.

"सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो सातशे. बाराला खाट उचलली. दोन वाजून वीस मिनिटांनी माझी भाची रस्त्यावर गेली. चोवीस वर्षांची होती. कोणी डॉक्टर खालून आला नाही. वरही नव्हता, आजही नाही." ती साहेबांकडे वळली. "माणूस हे औषध नाही, साहेब. पस्तीस माणसं होती तिच्याभोवती. जीव तोडून चालली. एकालाही वार काढता येत नव्हती."

मग तिने वाचकांकडे पाहिलं. म्हणाली, तुम्ही रडलात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या नातीला जाऊन तुम्ही सांगितलंत की तिची आई जिवंत आहे. आता ती मला विचारते, मग मला टाकून का गेली. याचं उत्तर तुमच्यापैकी कोणी द्यायचं ते ठरवा.

मागच्या रांगेतली एक बाई रडत उठली. सिस्टरला वाटलं, ती माफी मागणार. बाई म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं हे सांगून? आमचं पुस्तक नासवलंत तुम्ही." आणि तिच्या आजूबाजूच्या दोघातिघांनी मान डोलावली.

लेखक मान खाली घालून बसला होता. सिस्टर त्यालाच म्हणाली की तुम्हाला तर सगळं माहीत होतं. तो उठला. त्याने टाळाटाळ केली नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. तो म्हणाला, "खरा शेवट लिहिला होता. प्रकाशक म्हणाले, वाचकांना झेपणार नाही."

"आम्हाला कुठे झेपलं होतं?" सिस्टर म्हणाली आणि खाली उतरली.

महिन्याभरात तिला कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांचा जाहीर अवमान. तिने उत्तरात एक ओळही लिहिली नाही, सात अर्जांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून पाठवल्या. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येऊ लागला. तीन महिन्यांनी तो एक दिवस झाला. तो येतो तेव्हा एका बसने येतो आणि पुढच्या बसने जातो. कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. शेवट तोच आहे, प्रस्तावनेत एका 'धीरोदात्त सिस्टरचे' आभार तेवढे वाढले. शब्दाचा अर्थ आयाबाईने विचारला. सिस्टर म्हणाली, गप्प बसली असती तर बरं झालं असतं अशी बाई.

पत्रं अजून येतात. आता निम्म्यांत शिव्या असतात.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी ठकू म्हणाली की मला जागा दाखव. दोघी सकाळच्या बसने निघाल्या आणि सातव्या किलोमीटरच्या दगडाशी उतरल्या. तिथे काहीच नाही. एका बाजूला डोंगराचा कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला उतार आणि गवत. कठड्याचं वळण दीड किलोमीटर पुढे. तिथे वाचकांनी रंगाने बदाम काढलेत, नावं लिहिलीत. इथून ते दिसत नाही.

खाट कुठे टेकवली, ते सिस्टरने दाखवलं. ठकूने तिथली माती पायाने चाचपून पाहिली. मग विचारलं, "आई काही बोलली?"

हे लेखकानेही विचारलं होतं. त्याला तिने नाही म्हणून सांगितलं होतं.

"पाणी मागत होती," सिस्टर म्हणाली. "सारखं मागत होती. मी दिलं नाही. खाली पोचल्यावर ऑपरेशन करायचं, भूल द्यायची, पोटात पाणी नको. शिकवलंय तसं. मला वाटत होतं आपण पोचणार."

एक गाडी आली, वेग कमी करून पुढे वळणाकडे निघून गेली. ऊन चढलं होतं. ठकूने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि आधी आजीपुढे धरली.

"तू पी," सिस्टर म्हणाली.

ठकू दगडाला टेकून उभ्याउभ्याच पाणी प्यायली. थोडं हनुवटीवरून फ्रॉकवर सांडलं. एरवी सिस्टर म्हणाली असती, हळू पी, ठसका लागेल. आज बाटली रिकामी होईपर्यंत ती पोरीच्या गळ्याकडे बघत राहिली.