एक ओळ चिखलात

मी एक जुनी फळी आहे. उंची चार फूट, रुंदी वीतभर. अंगावर काळे-पांढरे चौकोन, दोन-दोनच्या दहा ओळी, म्हणजे एकूण वीस. रंग बराच उडाला आहे आणि वरच्या कोपऱ्याचा टवका गेला आहे. एका मुलानं तलवार समजून मला दुसऱ्याच्या दप्तरावर हाणलं होतं, त्याची ती खूण. तो मुलगा आता दातांचा डॉक्टर झाला आहे म्हणे.

मित्रांनो, जन्मानं मी कपाटातला कप्पा. कपाट मोडीत निघालं तेव्हा शाळेच्या सुतारानं मला बाजूला काढलं, रंधा मारला आणि खालच्या बाजूला खुंटीसारखं टोक काढलं. टोक जमिनीत आणि चौकोन जमिनीवर, असा माझा बेत. दोन दिवस रंग वाळला आणि मी कामाला लागले.

काम ऐकून तुम्ही हसाल. मी गवतात उभं राहायचं आणि होईल तेवढं लपायचं! एका मुलानं मला धरायचं, दुसऱ्यानं पंधरा पावलं मागे जाऊन गुडघ्यावर बसायचं आणि माझे किती चौकोन गवताआड गेले ते मोजायचं. गुडघ्यावर अशासाठी, की लावा नावाचा पक्षी जेमतेम घोट्याएवढा उंच असतो. तो जमिनीवर घरटं करतो. त्याला गवत कसं दिसतं हे ताठ उभं राहून कळत नाही.

दरवर्षी शाळाशाळांमधून चार-चार मुलांचे संघ कुरणावर स्पर्धेला येत. कुरणाचा एक तुकडा नेमून दिलेला असे. तिथे फिरायचं, मोजायचं आणि लाव्यासाठी काय करावं ते लिहायचं: गवत कुठे कापावं, कुठे राखावं, झुडपं कुठे लावावीत. मग परीक्षकांसमोर उभं राहून आपलं म्हणणं पटवून द्यायचं. पहिल्या संघाला कप मिळे. आणि खरी गंमत पुढेच होती. जो संघ जिंके, त्याचा आराखडा त्या तुकड्यावर खरोखर अमलात येई. स्पर्धेनंतरच्या सोमवारी सकाळी गवत कापायचं यंत्र हजर!

नियम सोपा होता. सहा-सात चौकोन लपले तर गवत लाव्याला हवं तेवढंच, त्याला हात लावायचा नाही. आठ किंवा त्याहून जास्त लपले तर गवत फार दाट, पिल्लांना चालता येत नाही, म्हणून निम्मं कापायचं. पुष्कळ वर्षं हे सुरळीत चाललं. मुलं माझं कौतुक करत, स्पर्धा संपली की मला विसरत. एकदा तर अख्खी सुट्टी मी मुतारीच्या दाराला अडसर म्हणून काढली. ते असो.

त्या वर्षी मला धरायला आली ती टिंगू. खरं नाव वेगळं, पण ती माझ्याएवढीच होती, म्हणून सगळे टिंगूच म्हणत. तिचा दादा संघाचा कप्तान. त्यानं महिनाभर आराखड्याची तयारी केली होती. रंगीत नकाशा, कापायचे पट्टे, मधून पिल्लांच्या वाटा, सगळं सुबक. फक्त त्यासाठी आठ चौकोन लपायला हवे होते.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. ओढ्याकाठची जमीन लोण्यासारखी मऊ. टिंगूनं मला रोवलं आणि मी रुतत गेले. टोक आत गेलं, त्यामागून खालची एक ओळही गेली. मला कळत होतं. पण लाकडाला तोंड नसतं. टिंगूचं लक्ष दादाकडे होतं.

"किती?" तिनं ओरडून विचारलं.

"आठ!" दादा म्हणाला आणि लगेच उठला.

संघ पहिला आला. कप घरी गेला, आणि धुऊन सोमवारी परत करायची म्हणून त्याच्याबरोबर मीही गेले. दुपारी आई शेजारच्या काकूंना कप दाखवत होती, तेव्हा टिंगू मला मागच्या नळाखाली घासत होती. घासता घासता तिचा हात थांबला. चिखल टोकावर होता तसाच पहिल्या ओळीवरही होता. वर सरळ रेघ.

"दादा, फळी रुतली होती. दोन चौकोन चिखलात होते. म्हणजे गवतात सहाच."

"हळू बोल. कप मिळालाय ना?"

"पण सोमवारी ते कापणार."

"कापू देत. गवतच आहे, उगवेल परत. तू यात पडू नकोस."

रविवार तसाच गेला. टिंगू जेवताना बोलली नाही. पण ती एरवीही कमीच बोलायची, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. मला मात्र तिचा राग येत होता. मला तोंड नाही, तुला तर आहे ना!

सोमवारी शाळेची वाट सोडून ती मला खांद्यावर टाकून कुरणाकडे निघाली. पोचलो तेव्हा यंत्र सकाळपासून घरघरत होतं. कापायच्या भागातला अर्धा भाग भुईसपाट झाला होता. टिंगू धावत सुटली आणि तिनं मला यंत्राच्या पुढ्यातच रोवलं.

यंत्रवाले काका खवळले. "ए पोरी, डोकं फिरलंय का तुझं? बाजूला हो!"

"काका, थांबा! आकडा चुकलाय."

"कुणाचा?"

"आमचा."

काकांनी यंत्र बंद केलं आणि परीक्षक बाईंना बोलावणं धाडलं. कुरणाचा कारभार त्यांच्याकडेच होता. टिंगूनं चिखलाची गोष्ट सांगितली. बाई मला घेऊन ओढ्याकाठी न कापलेल्या गवतात गेल्या. टिंगूला या खेपेला ओळ मातीच्या वर धरायला लावली आणि कण्हत-कुथत स्वतः गुडघ्यावर बसल्या.

"सहा," त्या म्हणाल्या. "कप परत द्यावा लागेल, माहीत आहे ना?"

"हो."

"दादाला विचारलंस?"

"विचारलं असतं तर येऊ दिलं नसतं त्यानं."

काकांनी यंत्र माघारी नेलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या कुरणावरच्या खोलीत टेबलावर आडवी होते. टोकाच्या वर एक आडवी पट्टी ठोकायचं चाललं होतं, म्हणजे पुन्हा रुतायला नको. दादा आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप त्यानं टेबलावर ठेवला. जायला वळला आणि दारातच थांबला.

"बाई, फळी खाली जाताना मला दिसली होती."

बाईंनी हातोडी खाली ठेवली.

"मला आठच हवे होते," तो म्हणाला. "वाटलं, एका ओळीनं काय होतंय."

बाईंनी त्याला खिडकीपाशी नेलं. बाहेर कापलेला पट्टा उन्हात उघडा पडला होता. त्या रागावल्या नाहीत. "दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचं," एवढंच म्हणाल्या, "आणि हा पट्टा मोजायचा. सहा येईपर्यंत."

पहिल्या शनिवारी माझा एकही चौकोन लपला नाही. मी वीसच्या वीस चौकोनांनिशी उघडी उभी होते. इतकी लाज मला मुतारीच्या दारातही वाटली नव्हती. त्या हंगामात न कापलेल्या गवतात लाव्यांनी तीन घरटी केली. पट्ट्यात एकही नाही.

सुरुवातीला भावाबहिणीत अबोला होता. दादा आकडा सांगे, टिंगू लिहून घेई, बस्स. शून्य. शून्य. दोन. मग तीन महिने दोनच. पाचव्या-सहाव्या खेपेला तिनं आपला अर्धा लाडू त्याच्यापुढे धरला. त्यानं सगळाच तोंडात टाकला आणि भांडण मिटलं.

चौदाव्या शनिवारी दादा गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

"किती?" टिंगूनं विचारलं.

"सहा."

पण तो टाळी द्यायला धावला नाही. उठून माझ्यापाशी आला, गवत बाजूला सारलं आणि माझी पट्टी जमिनीवर नीट टेकली आहे ना ते बोटांनी चाचपलं. मग पंधरा पावलं मागे जाऊन त्यानं पुन्हा मोजलं. सहाच होते.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या जागी नव्या फळ्या आल्या आहेत, तरी गर्दीच्या वर्षी मलाही बाहेर काढतात. मला नवा रंग नको, कौतुकही नको. काम झालं की धुवा, एवढं पुरे. आणि आकडा अगदी मनासारखा आला, तर वहीत लिहिण्याआधी उठून एकदा माझ्या पायाशी या.